आमच्या घरात हमाम नाही

३ जानेवारी

दुपारच्या चहाच्या वेळी मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर गेला. मी खिडकीतच उभा होतो, त्यामुळे मला सगळं शास्त्रीय दृष्टीने पाहता आलं. आधी तो गुरगुरला, मग त्याच्या पोटातून निळा उजेड आला आणि मग असा आवाज झाला की मशिदीच्या पत्र्यावरचा सगळा बर्फ एका दमात खाली आला. खाली लस्साकाक उभा होता. लस्साकाक म्हणजे आमचा नाक्यावरचा रोटीवाला. "मेलो! मेलो!" असं तो बर्फाच्या ढिगातून ओरडत होता, म्हणजे मेला नव्हता.

कारण उघड आहे. लोड. थंडी पडली की लोक हीटर, बॉयलर, विजेची चादर, जे हाताला लागेल ते लावतात. शिस्त म्हणून नाहीच. माझं तसं नाही. मी घर बांधतानाच ठरवलं होतं: लाकूड नको, कोळसा नको, राख नको आणि हमाम तर मुळीच नको. दगडी फरशीखाली ओंडके जाळायचे आणि वर माणसांनी पापडासारखं भाजत बसायचं, ही काय पद्धत झाली? जिथे हमाम व्हायचा तिथे मी पुस्तकांची खोली केली. प्रत्येक खोलीत भिंतीवर विजेचा हीटर, माडीवर भला मोठा बॉयलर. आख्ख्या मोहल्ल्यात असं घर नाही. ज़ूनी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "पुस्तकं पांघरून झोपा मग." बायकोला विज्ञान समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

वीजवाले म्हणाले, दुरुस्तीला न्यावा लागेल. किती दिवस? तर म्हणे अल्लाची मर्जी.

मला काळजी एकाच गोष्टीची आहे. उरूसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे आणि हिबा अजून माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतसुद्धा पुरत नाही. माझी पहिली नात. तिने मला काल पाहिलं. ज़ूनी म्हणते या वयात मुलांना दिसत नाही, पण तिने पाहिलं.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आलाच. हाजन मुख़्ता, नदीपलीकडे राहतात आणि त्यांच्या घरी हमाम आहे. हे त्या दर दोन वाक्यांनंतर सांगतात.

"मास्टरजी, तुमच्याकडे वीज गेली म्हणे. आमच्याकडे असली काय, नसली काय, कळत नाही हो. आम्ही आपले हमामात."

"आमच्याकडेही काही बिघडलेलं नाही," मी म्हणालो.

"बरं. शुक्रवारी येते बघायला. घर गार वाटलं तर मायलेकींना घेऊन जाईन. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं. हिबा या घरातून थंडीच्या कारणावरून जाणार नाही. आयुष्यभर मुलांना उष्णतेचा धडा शिकवलेला माणूस आहे मी.

४ जानेवारी

योजना तयार. सगळं घर तापवण्याऐवजी एकच खोली तापवायची. पुस्तकांची खोली निवडली, कारण पुस्तकांतून उष्णता जात नाही. खिडक्यांवर लोकरीचे जाड नमदे ठोकले, दारावर रजई लावली, फटी वर्तमानपत्राच्या लगद्याने बुजवल्या. पलंगावर कांबळ्यांचा तंबू केला. वर छताजवळ एक झरोका आहे, त्यात माझा जुना पायजमा गच्च कोंबला. मधोमध मेहुण्याकडून आणलेला गॅसचा हीटर ठेवला. कांगडीला खोलीत सक्त मनाई. टोपलीत निखारे घेऊन बाळाजवळ बसणं हा अडाणीपणा आहे.

ज़ूनी कमरेवर हात ठेवून बघत होती. "आणि श्वास कुठून घ्यायचा?"

"खोलीतून."

"झरोका तरी उघडा ठेवा."

"ज़ूनी, मी या खोलीचं घनफळ काढलंय. हवा भरपूर आहे."

"जळणाऱ्या गॅसला सांगितलंत का घनफळ?"

मी पायजमा आणखी आत कोंबला. अशाने चर्चेची पातळी घसरते.

५ जानेवारी

योजना यशस्वी. फक्त एक अडचण: घरात उंदीर आहे. रात्री कोंबलेला पायजमा सकाळी जमिनीवर पडलेला. पुन्हा कोंबला. नमाज पढून आलो तर पुन्हा खाली. एवढ्या उंचावर चढून एवढा मोठा पायजमा ओढणारा उंदीर मी पाहिलेला नाही. थंडीमुळे त्यांच्यातही काही बदल होत असावेत.

दुसरं निरीक्षण फार महत्त्वाचं. मी झोपायला जातो तेव्हा माझं अंथरूण पायाकडे चक्क गरम असतं. म्हणजे दिवसभराची ऊब गादीत साठून राहते. हे मी उरूसाला समजावलं. ती म्हणाली, "हो अब्बूजी," आणि आईकडे बघून ओठ चावू लागली. थंडीने ओठ फुटतात. तिला तूप लावायला सांगितलं.

पलंगाखाली एक वीट सापडली, जुन्या मोज्यात घातलेली. गवंडी लोक काय काय विसरून जातात.

बायका दिवसभर स्वयंपाकघरात असतात. हिबालाही तिथेच नेतात. मी हाक मारली की सगळ्या धावत माझ्या खोलीत येतात, तंबूत बसतात, "वा, किती ऊब!" म्हणतात आणि थोड्या वेळाने कुणाला तरी शलगम चिरायची आठवण होते. या घरात इतकी शलगमं मी कधीच खाल्ली नव्हती.

६ जानेवारी

मशिदीच्या हमामात सगळे पुरुष जमतात. मी तत्त्व म्हणून तिथे फार वेळ बसत नाही, पण आज सार्वजनिक काम होतं. दुपारभर बसलो.

लस्साकाक म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर येईल हो, पण आला की सगळे मिळून पुन्हा हीटर लावणार आणि पुन्हा फुटणार. गेल्या वर्षी असंच झालं. त्याच्या आदल्या वर्षी असंच झालं."

मी उभा राहिलो. चांगलं बोललो. नागरिकाचं कर्तव्य, विजेचा दाब, समाजाचं हित. भाषण संपल्यावर सगळ्यांनी शपथ घेतली: वीज आली की पहिली रात्र प्रत्येक घरात फक्त एक बल्ब. हीटर नाही, बॉयलर नाही. आणि या कामावर देखरेख करायला एकमताने मला अध्यक्ष निवडलं. मी नको नको म्हणत होतो, पण हळू आवाजात.

परतताना लस्साकाकने विचारलं, "मास्टरजी, तुमच्या घरी हीटर किती आहेत?"

"तो इथे मुद्दा नाही," मी म्हणालो.

७ जानेवारी

आजचा दिवस विचित्र गेला.

शुक्रवार जवळ आला म्हणून खोलीची शेवटची परीक्षा घ्यायची ठरवली. ज़ूनी लस्साकाककडे रोटी आणायला गेली होती, उरूसा हिबाला घेऊन स्वयंपाकघरात. मी दार लावलं, रजई खाली सोडली, पायजमा ठासून भरला, हीटर मोठा केला आणि वही घेऊन बसलो. उंदराने या वेळी काहीच केलं नाही. खोली मस्त तापली. नोंदी पहिल्यांदा व्यवस्थित होत्या. नंतरच्या आत्ता वाचल्या तर अक्षर माझं वाटत नाही. एका ठिकाणी लिहिलंय, "फार समाधान वाटते. डोके जड, बहुधा शलगम." त्याखाली नुसती एक रेघ आहे, ती पानाबाहेर गेली आहे.

पुढचं आठवतं ते असं: मी ओसरीवर बर्फात आडवा होतो आणि ज़ूनी माझ्या तोंडावर बर्फ चोळत होती. अंगातल्या लांब लोकरी फेरनाला धरून तिने मला ओढत आणलं होतं. मग मला उलटी झाली. मग ती मला शिव्या देऊ लागली. तिच्या माहेरच्या गावच्या, ज्या मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शेवटच्या ऐकल्या होत्या. आणि शिव्या देता देता रडायला लागली.

मी म्हणालो, "अगं, सिलिंडर संपला म्हणून एवढं?"

त्यावर तिने उरलेला बर्फ माझ्या मानेत घातला.

डॉक्टर येऊन गेले. खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले, गॅस हीटर बाहेर ठेवा म्हणाले, आणि नशीबवान आहात असंही म्हणाले. डोकं अजून दुखतंय. उरूसाने नवऱ्याला फोनवर सांगितलं. तौसीफ़ तसा गुणी मुलगा, पण आईपासून काही लपवत नाही. अर्ध्या तासात विहीणबाईंचा फोन.

"मास्टरजी, प्रयोगशाळेत बेडूक ठेवतात, मूल नाही. शुक्रवारी मी विचारायला येत नाही, न्यायला येते."

८ जानेवारी

ट्रान्सफॉर्मर आला! ट्रकवरून उतरवला तेव्हा लोकांनी वरातीसारखे बदाम उधळले. मी अध्यक्ष म्हणून सगळ्यांना शपथेची आठवण करून दिली. संध्याकाळच्या नमाजेनंतर वीजवाल्याने खटका ओढला आणि सगळा मोहल्ला उजळला. घराघरांत एकेक बल्ब. काय शोभा! मला भरून आलं.

घरी आलो. उद्या शुक्रवार. विहीणबाई सकाळीच येणार. विचार केला की शपथ ही सर्वसाधारण परिस्थितीसाठी असते. ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथे एक हीटर लावला तर कुठल्याही समंजस अध्यक्षाने परवानगी दिली असती. मी मला दिली. एक हीटर लावला. काही झालं नाही. मग पाहुण्यांच्या खोलीतला लावला, कारण विहीणबाई तिथे बसतील. मग दिवाणखान्यातला, कारण त्या तिथून चालत येतील. हात धुवायला त्यांना गरम पाणी लागेल म्हणून बॉयलर.

निळा उजेड. आवाज. मशिदीचा बर्फ.

मी तडक बाहेर गेलो आणि चौकात उभा राहून म्हणालो, "कोणी लावला हीटर? समोर या!"

कोणी येईना. मग एकेक जण कबूल करू लागला. म्हातारीला दमा आहे म्हणून एक. जावई आलाय म्हणून एक. कोंबड्या गारठल्या म्हणून एक. लस्साकाक म्हणाला, "मी फक्त चादर लावली होती, ती पण अर्धी." प्रत्येकाचं आपलं एकच, दुसऱ्यांचं मात्र लोड! मला इतका राग आला की मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. लस्साकाक माझ्याकडे बराच वेळ बघत होता. त्याच्या दुकानाच्या दारातून माझ्या सगळ्या खिडक्या दिसतात. मी विषय वाढवला नाही.

नंतर घरात आलो तो थेट स्वयंपाकघरात गेलो, कारण तिथून उजेड येत होता. मी स्वयंपाकघरात सहसा जात नाही. आत चुलीत लाकडं धडधडत होती, खिडकी बोटभर उघडी होती, धुराड्यातून धूर सरळ वर जात होता आणि हिबा आईच्या मांडीवर लाल टोपडं घालून, गाल गुलाबी करून झोपली होती. चुलीच्या कडेला मोज्यातली वीट तापत ठेवली होती.

मी विटेकडे बघितलं. उरूसा म्हणाली, "अब्बूजी, बसा. तुमचे पाय गार पडतात म्हणून आई रोज ती ठेवते अंथरुणात. तुम्ही यायच्या आधी काढून घेते."

"आणि झरोका?"

"आईच स्टुलावर चढून पायजमा काढते. मी धरते स्टूल."

"आणि लाकूड कुठून आलं? या घरात लाकूड नाही."

"लस्साकाकच्या भट्टीतून. मागच्या दाराने. पण आता त्याचंही संपत आलंय, उद्यापुरतं आहे."

ज़ूनी माझ्याकडे पाठ करून खारा चहा ढवळत होती. गुडघे दुखतात तिचे. जिना चढताना दर पायरीला अल्लाचं नाव घेते ती बाई रोज स्टुलावर चढत होती, आणि मी उंदरासाठी पिंजरा लावला होता. मला लाज वाटली. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण तिच्यासमोर म्हणता आलं नाही. समोर एवढंच म्हणालो, "चहात मीठ कमी आहे." ती म्हणाली, "मग रडा त्यात." तेव्हा मला कळलं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय. धूर असावा. पण धूर तर सरळ वर जात होता.

मग मी फोन उचलला आणि विहीणबाईंना लावला. म्हणालो, "वीज पुन्हा गेली. लाकूड उद्यापुरतं आहे. पोरीला उबेत न्या. माझ्याकडे राहण्यापेक्षा ती गरम राहिलेली मला जास्त हवी आहे."

"कोण बोलतंय?" विहीणबाईंनी विचारलं. मी दोनदा नाव सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार

विहीणबाई आल्या. दारातच पदर खोचल्यासारखा फेरन सावरून उभ्या राहिल्या. भांडायची सगळी तयारी करून आल्या होत्या. मी समोर हिबाचं गाठोडं ठेवलं: दुपटी, टोपडी, तुपाची बाटली, बदामाचं तेल. सगळं रात्री मीच बांधलं. हिबाची एक टोपी मी ठेवून घेतली होती, ती ज़ूनीने माझ्या खिशातून काढून गाठोड्यात घातली.

विहीणबाईंचा हिरमोड झाला. पण तयारी वाया कशी घालवायची? त्यांनी घरभर फिरून सगळं बोलून घेतलं. दिवाणखान्यात म्हणाल्या, "आमच्या गायीसुद्धा यापेक्षा उबेत आहेत." पुस्तकांच्या खोलीत म्हणाल्या, "एवढी पुस्तकं! एखादं जाळलं असतं तरी चाललं असतं." मी सगळं ऐकून घेतलं. त्यांना त्याचीही सवय नव्हती.

उरूसा आणि हिबा गाडीत बसल्या. मी दारात उभा. तौसीफ़ने गाडी सुरू केली तेव्हा लक्षात आलं की पुढच्या सीटवर ज़ूनी बसली आहे, मांडीवर पेटी घेऊन.

"तू कुठे?" मी विचारलं.

"हमामात," ती म्हणाली.

"अगं, मुलीच्या सासरी राहायला जातात का कुठे? लोक काय म्हणतील!"

"लोकांना म्हणू दे. माझे गुडघे काही म्हणत नाहीत का?"

विहीणबाईंनी काच खाली केली. "मास्टरजी, बसा मागे."

"ते शक्य नाही. आमच्या खानदानात..."

"तुमचं खानदान राहू द्या. तुम्ही एकटे इथे राहिलात की काहीतरी शोध लावणार आणि सकाळी कडक झालेले सापडणार. मग सगळं गाव म्हणेल, मुख़्ताच्या घरी हमाम होता तरी व्याह्याला थंडीत मारलं. माझं नाक कापू नका. बसा."

बाईमाणसाच्या नाकाचा प्रश्न होता. मी बसलो. केवळ त्यासाठी.

११ जानेवारी

हमामात पहिल्या दिवशी मी कडेला, गालिच्याच्या टोकाला, पाहुण्यासारखा टेकलो होतो. काल जरा आत सरकलो. आज दुपारी उताणा पडलो होतो आणि विहीणबाईंना समजावत होतो की लाकडाची उष्णता दगडात कशी जाते आणि दगडातून माणसात कशी येते.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आता कूस बदला, दुसरी बाजू कच्ची राहील."

मी कूस बदलली. माझी पाठ बहुधा लग्नानंतर प्रथमच पूर्ण गरम झाली आहे. ज़ूनी आणि विहीणबाई दिवसभर बोलत असतात. दोघी मिळून कुणाला तरी हसतात. मी मान वर केली की थांबतात.

हिबा माझ्या छातीवर झोपते. आख्खी दुपार झोपते. तिच्या वजनापेक्षा तिच्या श्वासाचंच वजन जास्त वाटतं. मी हलत नाही. पाय बधिर झाला तरी हलत नाही. घरी असताना ती माझ्याकडे पाच मिनिटंसुद्धा थांबत नव्हती, कारण माझे हात गार असायचे. हे मला माहीत नव्हतं. आज उरूसाने सांगितलं.

१३ जानेवारी

दुपारी लस्साकाकचा फोन आला. हिबा छातीवर होती, म्हणून फोन कानापासून जरा लांब धरला. लस्साकाकच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही, तो फोनशिवायही नदीपलीकडून ऐकू येईल.

"मास्टरजी! ट्रान्सफॉर्मर आला! परवापासून चालू आहे! सगळ्यांनी हीटर लावलेत, मी आख्खी चादर लावली, तरी टिकलाय! लोक तेच, हीटर तेच, काय जादू झाली कळेना. तेवढे फक्त तुम्ही नाही आहात!"

योगायोग असावा. यावर नंतर सविस्तर विचार करेन.

"तुमच्या घरचे हीटर लावून ठेवू का? येताय ना?" तो ओरडला.

मी हिबाकडे बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती आणि माझ्या फेरनावर तिची लाळ गळाली होती. मी म्हणालो, "आवाज नीट येत नाहीये," आणि फोन बंद केला.

उरूसा छताकडे बघत होती. ज़ूनी भिंतीकडे तोंड करून उगीच खोकत होती.

"काय म्हणतोय रोटीवाला?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. अजून अंधारच आहे म्हणे. आठवडा तरी लागेल."

विहीणबाई उठल्या, हिबाच्या पाठीवरची शाल सारखी केली आणि माझ्या पेल्यात खारा चहा ओतला.

"आठवड्यात कुठला होतोय?" त्या म्हणाल्या. "विजेचं काम आहे, मास्टरजी. महिना धरा."

मी म्हणालो, "धरतो."